मिन ग्युहोचा अंदाज

मिन ग्युहो टीव्हीवर दिसला की आमच्या इचॉनमधली माणसं हातातलं काम थांबवून आवाज मोठा करायची. गावचा पोरगा सोलमधल्या योइदोत, शेअरबाजाराच्या पेठेत, एका गुंतवणूक कंपनीच्या काचेच्या इमारतीत बसतो आणि मेमरी चिपांचे भाव पुढच्या वर्षी कुठे जातील ते साऱ्या कोरियाला सांगतो, याचं इचॉनला कौतुक असणारच. इथे भाव चढले की खानावळीत बसायला जागा मिळत नाही, भाड्याची खोली मिळत नाही, लग्नांत वाद्यं जास्त वाजतात. भाव उतरले की चिपांच्या कारखान्याच्या फाटकासमोरच्या रस्त्यावर संध्याकाळी कुत्रं फिरकत नाही.

ग्युहोचं नाव झालं ते एका पडझडीमुळे. साथीच्या दिवसांत सगळं जग घरात बसून कंप्युटर विकत घेत होतं, चिपा हातोहात खपत होत्या आणि कारखाने रात्रंदिवस चालत होते. त्या तेजीत ग्युहोनं लिहिलं की हे टिकणार नाही, बाजारात हिवाळा येतोय. भाव चढला की सगळे एकदम नवे कारखाने बांधायला घेतात, ते बांधून होईपर्यंत लोकांची गरज भागलेली असते, मग माल गोदामात पडून राहतो आणि भाव कोसळतो. आजवर दर वेळी असंच झालंय, आताही होईल. लोकांनी त्याला शिव्या घातल्या. पुढे भाव खरोखरच असे कोसळले की मोठमोठ्या कंपन्यांनी तोट्याचे आकडे दाखवले, आणि शिव्या घालणाऱ्यांनीच त्याला डोक्यावर घेतलं. कोणीतरी त्याला 'हिवाळेसाहेब' म्हणालं आणि ते नाव त्याला चिकटलं. त्यालाही ते आवडलं. वरवर हसून नको नको म्हणायचा, पण दुसऱ्या कुणाला त्या नावानं हाक मारली असती तर त्याला झोंबलं असतं.

दोन-तीन वर्षांनी बाजार जरा सावरला तेव्हा ग्युहोनं शरद ऋतूत पुन्हा लिहिलं, हिवाळा येतोय आणि या खेपेला लांबेल. लोक फोन बदलत नाहीत, नवे कंप्युटर घेत नाहीत, चिनी कंपन्या जुन्या जातीच्या चिपा मातीमोल भावात ओतताहेत. एआयचा गाजावाजा आहे खरा, पण तेवढ्यावर अख्खा बाजार तरत नाही. अहवालाचा बोलबाला झाला, दोन वाहिन्यांनी बोलावलं, इचॉनच्या खानावळवाल्यांनी त्या वर्षी नवी टेबलं घ्यायचा बेत पुढे ढकलला.

वसंत लागला आणि ग्युहोच्या हाताखालची प्यो सेजिन त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. मुलगी मितभाषी होती, उगाच कधी आत यायची नाही.

"सर, आपला अंदाज बदलायला हवा."

"बस आधी. काय झालं?"

"मी तैपेईत घाऊक व्यापाऱ्यांना भेटून आलेय. सर्व्हरवाल्या कंपन्या पुढच्या अख्ख्या वर्षाचा माल आत्ताच मागताहेत. भाव काय ते विचारतच नाहीत, मिळेल का एवढंच विचारतात. आणि आपल्या कारखान्यांनी बऱ्याच लाइनी एआयला लागणाऱ्या, थरावर थर रचलेल्या मेमरीकडे वळवल्यात. साधी मेमरी करायला जागाच उरली नाही. वर्षाअखेर तिचा तुटवडा पडेल."

ग्युहोनं तिचं सगळं ऐकून घेतलं. खरं तर त्याच्याही कानावर हेच येत होतं. जुना ओळखीचा एक खरेदी अधिकारी मागच्याच आठवड्यात फोनवर जवळजवळ रडकुंडीला आला होता, माल द्या म्हणून. पण आता अंदाज फिरवायचा म्हणजे परवा-परवापर्यंत टीव्हीवर जे ठणकावून सांगितलं ते गिळायचं. हिवाळेसाहेबांना ऊन लागलं, असे मथळे त्याला डोळ्यांसमोर दिसायला लागले.

"एका फेरीवरून निष्कर्ष काढू नकोस," तो म्हणाला. "व्यापारी नेहमीच ओरडतात. एक तिमाही जाऊ दे, मग बघू."

"सर, तोवर उशीर होईल."

"सेजिन, मी हा बाजार तू शाळेत होतीस तेव्हापासून बघतोय."

ती वाकून नमस्कार करून गेली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला उत्तर कळलं होतं, एवढंच. ग्युहोला ते दिसलं आणि त्यानं मान कागदात घातली.

त्याच आठवड्यात दोसिकचा फोन आला.

बांग दोसिक म्हणजे ग्युहोचा बालमित्र. एकाच बाकावर बसले, एकाच वर्षी सैन्यातली सक्तीची सेवा करून आले. पुढे ग्युहो सोलला शिकायला गेला आणि दोसिक गावातल्या एका मध्यम कंपनीत लागला. चिपांच्या कारखान्यातली यंत्रं दुरुस्त करायचं तिचं काम. दोसिकचा त्या कामावर जीव होता. यंत्राच्या आवाजावरून दुखणं ओळखतो म्हणून तो बढाया मारायचा, आणि निम्म्या वेळा चुकायचाही.

"ए टीव्हीवाल्या, मोकळा आहेस का?"

"बोल रे रेड्या."

"आमच्याकडे कागद लागलाय. वय वाढलेल्यांनी स्वतःहून राजीनामा दिला तर बऱ्यापैकी पैसे देताहेत. ओक्रान म्हणते थांब. मी म्हटलं, माझा दोस्त काय नुसता शोभेला आहे का? त्याला विचारतो. सांग, निघू की थांबू?"

ग्युहोच्या तोंडाशी 'थांब' आलं होतं. हे त्याला पुढे कितीदा तरी आठवलं. शब्द खरंच जिभेवर होता. पण थांब म्हणणं म्हणजे सेजिनचं खरं आणि आपलं खोटं, हे स्वतःच्या तोंडानं कबूल करणं. मित्रापाशी एकदा कबूल केलं की मग लपून राहणार नव्हतं, निदान स्वतःपासून तरी.

"पुढची दोन वर्षं कठीण आहेत," तो टीव्हीवरच्या आवाजात म्हणाला. "आज देताहेत ते घे. उद्या काढून टाकतील तेव्हा हात हलवत यावं लागेल. निघ."

"नक्की ना?"

"मी लिहिलंय ना तसं."

"तू लिहिलंयस म्हणजे झालं," दोसिक म्हणाला आणि हसला. "ओक्रानला सांगतो, हिवाळेसाहेबांचा हुकूम आहे."

दोसिकनं राजीनामा दिला आणि आमच्याकडचा नोकरी सुटलेला माणूस जे करतो तेच केलं. तळलेल्या चिकनचं दुकान टाकलं. फाटकापासून जवळच, बसथांब्याच्या कोपऱ्यावर. उद्घाटनाला ग्युहोनं फुलांची मोठी उभी कमान पाठवली, स्वतः मात्र गेला नाही. बैठक आहे म्हणून कळवलं. बैठक नव्हती.

उन्हाळा संपता संपता सेजिनचं बोलणं अक्षरशः खरं ठरायला लागलं. आधी सर्व्हरच्या मेमरीचे भाव हलले, मग कंप्युटरच्या, मग फोनच्या. दुकानदार सकाळी एक भाव सांगायचे आणि दुपारी हात वर करायचे. फोनच्या कंपन्यांचे अधिकारी करारासाठी आमच्या बाजूच्या हॉटेलांत मुक्काम ठोकून बसले. ज्या कंपनीतून दोसिक बाहेर पडला होता तिला नव्या लाइनींचं काम मिळालं. राहिलेल्या लोकांना बढत्या मिळाल्या, आणि त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता असा बोनस जाहीर झाला. दोसिकच्या शेजारच्या टेबलावर काम करणारा, त्याच्यापेक्षा धाकटा माणूस आता त्याच विभागाचा प्रमुख होता.

ग्युहोनं या काळात दोसिकला फोन केला नाही. दोसिकचे आले ते 'गडबडीत आहे' म्हणून टाळले. चुसकच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या सुटीत वाडवडिलांच्या थडग्यांवरचं गवत काढायला तो इचॉनला आला, तेव्हा बसथांब्याचा कोपरा चुकवायला त्यानं गाडी लांबच्या रस्त्यानं घातली. बायको हेरिम शेजारी बसली होती.

"हा रस्ता कशाला?"

"तिकडे गर्दी असते."

"दोसिकभावजींचं दुकान तिकडे आहे," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली. ती आणखी काही बोलली असती तर बरं झालं असतं, असं ग्युहोला वाटलं.

पण गाव लहान. हिवाळ्याच्या तोंडाशी इचॉनच्या व्यापारी मंडळानं 'मेमरीचा बाजार आणि पुढची वाट' या विषयावर ग्युहोचं भाषण ठेवलं. नाही म्हणायला तोंड नव्हतं. भाषण त्यानं सावधपणे केलं. मागणी धरून राहील, नवे कारखाने उभे राहीपर्यंत तुटवडा राहील, त्यानंतर काय ते पाहावं लागेल. टाळ्या पडल्या. मंडळाचे अध्यक्ष त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चला, जेवण ठेवलंय. तुमच्याच मित्राकडे! म्हटलं, बाहेर कशाला?"

दुकान भरलेलं होतं. जुन्या कंपनीतली दहा-बारा माणसं कोपऱ्यात बोनसची पार्टी करत होती. बियरचे मग आपटत होते, कोणीतरी गात होतं. दोसिक ॲप्रन बांधून त्यांच्याच टेबलावर चिकनच्या थाळ्या आणि आंबट मुळ्याच्या वाट्या ठेवत होता. त्याचे हात कोपरापर्यंत तेलाच्या चटक्यांनी ठिपक्या-ठिपक्यांचे झाले होते. ग्युहोला पाहताच त्याचा चेहरा फुलला.

"आला! अरे आला! बघा रे, टीव्हीतला माणूस आपल्या पायांनी आला!"

कोपऱ्यातला एकजण, बराच प्यालेला, उठून म्हणाला, "हिवाळेसाहेब! तुमच्या कृपेनं दोसिकदादा आम्हाला वाढताहेत बघा!"

सगळे हसले. ग्युहोच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"ए, गप रे," दोसिक हसतच पण जरा चढ्या आवाजात म्हणाला. "हवामानखात्याचं चुकत नाही का? छत्री न घेता निघालेला माणूस काय हवामानखात्यावर खटला भरतो? माझ्या दोस्तानं त्याला जे दिसलं ते प्रामाणिकपणे सांगितलं. त्याच्या ठिकाणी तू असतास तर तुला एवढंही सांगता आलं नसतं. बस खाली आणि मुळा खा."

दोसिकची बायको ओक्रान गल्ल्याजवळ उभी होती. ती ग्युहोपाशी पाण्याचा जग घेऊन आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "भावजी, वजन उतरलं तुमचं. इकडे यांचंही उतरलंय. दिवसभर तेलासमोर उभं राहून."

"वहिनी, मी..."

"असू दे. रोज तुमच्यावरून आमचं भांडण होतं आणि रोज हे जिंकतात." जग ठेवून ती गेली.

ग्युहोनं ताटातलं काही खाल्लं नाही. दोसिकनं शिव्या घातल्या असत्या तर त्यानं त्या ऐकून घेतल्या असत्या, बापुडवाणं तोंड करून घरी गेला असता. पण 'प्रामाणिकपणे' हा एक शब्द त्याला गिळता येईना. थोड्या वेळानं तो उठला आणि आत तळणीपाशी गेला.

"बाहेर बस रे, कपड्यांना वास लागेल," दोसिक म्हणाला.

"दोसिक, तू बाहेर जे बोललास ते खरं नाही."

"काय?"

"मला दिसलं ते मी सांगितलं नव्हतं." ग्युहो भिंतीकडे बघत बोलत होता. "तू फोन केलास त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसातल्या मुलीनं मला सांगितलं होतं की भाव चढणार. मलाही कळत होतं. तुला थांब म्हणणार होतो."

दोसिकनं हातातला चिमटा खाली ठेवला. "मग?"

"मग अहवाल फिरवावा लागला असता. लोक हसले असते."

तेलात तुकडे तडतडत होते. दोसिकनं जाळी वर उचलली, झटकली, तुकडे ताटात ओतले, दुसरे तुकडे पिठात घोळवले आणि तेलात सोडले. हे सगळं त्यानं रोजच्यासारखं केलं.

"चूक होती तोवर बरं होतं," शेवटी तो म्हणाला. "चुकीचं मला ओझं नव्हतं. कोणाचीही होते. मी ओक्रानला तेच सांगत आलो. आता उद्यापासून काय सांगू?"

"तिला मी सांगतो. पाया पडतो तिच्या."

"नको. तू कोणाला काही सांगू नकोस. तू सांगितलंस तेवढं पुरे झालं." त्यानं पहिल्यांदा ग्युहोकडे नीट पाहिलं. "आता छाती हलकी झाली का रे तुझी? त्यासाठीच आलास ना आत?"

ग्युहो त्यासाठीच आत आला होता. आणि छाती हलकीही झाली नव्हती.

"जा. तुझी मोठी माणसं बसलीत बाहेर. चिकन गार होतंय."

सोलला परतल्यावर ग्युहोनं नवा अहवाल लिहायला घेतला. अंदाज वर नेला, आणि शेवटी एक परिच्छेद लिहिला: वसंतातच बाजार फिरल्याच्या खुणा दिसत होत्या, लेखकानं त्या पाहिल्या होत्या आणि स्वतःचं आधीचं मत सांभाळण्यासाठी बाजूला ठेवल्या. विभागाच्या संचालकांनी तो वाचून चष्मा काढला.

"मिनसाहेब, हे काय? अहवाल आहे की चर्चमधला कबुलीजबाब? हे छापलं तर उद्या वकील दारात उभे राहतील. काढा."

ग्युहोनं तो काढला. भांडला नाही, हट्ट धरला नाही. दोन वाक्यं तरी ठेवू द्या, एवढंही म्हणाला नाही. अहवाल बाहेर पडला आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी लिहिलं की आता खुद्द हिवाळेसाहेबही तेजी मानू लागले, म्हणजे तेजी पक्की. कंपनीचे फोन वाजत राहिले. लिफ्टमध्ये लोक अभिनंदन करत होते. ग्युहो आपल्या खोलीत दार लावून बसला. इतकी लाज त्याला तळणीपाशीही वाटली नव्हती. तिथे निदान तो खरं बोलला होता.

वर्ष सरायच्या आत त्यानं एक गोष्ट मात्र केली. मेमरीचा विभाग सेजिनच्या नावावर करून द्या, असा अर्ज दिला आणि टीव्हीवाल्यांना यापुढे तिला बोलवायला सांगितलं. संचालकांना वाटलं, थकला असेल. सेजिन त्याच्या खोलीत आली.

"सर, माझ्यामुळे का?"

"तू वसंतात बरोबर होतीस, आणि ते मला तेव्हाच कळलं होतं."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्हाला कळलंय ते माहीत होतं." तिनं आभार मानले नाहीत, आणि त्यानं त्यांची वाटही पाहिली नव्हती.

कडाक्याच्या थंडीत सगळ्या वर्गमित्रांच्या फोनवर निरोप आला: दोसिकची आई गेली. म्हातारी शेवटी शेवटी कोणाला ओळखत नव्हती. झोपेतच गेली म्हणे. ग्युहो काळा सूट घालून इचॉनच्या दवाखान्यामागच्या अंत्यविधीगृहात पोहोचला. बूट काढून आत गेला, फोटोसमोर फूल ठेवलं, दोनदा गुडघ्यांवर वाकला आणि मग दोसिककडे वळला. दोसिकच्या दंडाला सुतकाची पट्टी होती. त्यानं रीतीप्रमाणे ग्युहोला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला,

"आपण एवढ्या लांबून आलात. आभारी आहे."

चाळीस वर्षांत दोसिकनं त्याला कधी 'आपण' म्हटलं नव्हतं. शिव्या दिल्या होत्या, रेड्या-गाढवा म्हटलं होतं, एकदा थोबाडीतही दिली होती. ग्युहोनं मान खाली घातली. "आईंच्या आत्म्याला शांती मिळो," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

जेवणाच्या दालनात लाल रश्श्याचे वाडगे आणि सोजू दारूच्या बाटल्या मांडल्या होत्या. सुतकाचं घर असलं तरी आमच्याकडे चार माणसं जमली की गाडी चिपांवर येतेच. दोसिकच्या जुन्या कंपनीतल्या एकानं ग्युहोला ओळखलं.

"साहेब, अजून किती चढेल हो? घर घ्यावं म्हणतोय."

"ते काम आता प्यो सेजिन बघतात. त्यांचं वाचा."

"त्यांचं वाचतोच. पण तुमचं मत काय?"

ग्युहोनं समोरचा वाडगा बाजूला सारला. "नवे कारखाने बांधून व्हायला वेळ आहे, तोवर माल कमीच पडेल, असं दिसतं," तो म्हणाला. "पण सर्व्हरवाल्यांनी आधीच हात आखडता घेतला तर भाव घसरेल. ते कधी घेतील हे मला माहीत नाही, आणि माझ्या बोलण्यावर घर घेऊ नका."

तो माणूस नाराज झाला आणि दुसरीकडे वळला. मागे वाडगे गोळा करणारी ओक्रान क्षणभर थांबली होती. मग तीही गेली.

रात्री ग्युहो थोरल्या भावाकडे झोपला आणि उजाडताच पुन्हा आला. शवपेटी दफनाला नेणाऱ्या बसपर्यंत न्यायची होती. खांदेकऱ्यांतला एकजण, दोसिकचा मामेभाऊ, बर्फामुळे वाटेत अडकला होता. माणसं एकमेकांकडे बघत होती. ग्युहो भिंतीपाशी मागे उभा होता. पुढे व्हायचा धीर त्याला झाला नाही. ओक्रान त्याच्यासमोर आली आणि पांढऱ्या हातमोज्यांचा जोड पुढे केला.

"भावजी, एक माणूस कमी पडतोय."

"दोसिकला चालेल का?"

"त्यांना विचारायला वेळ नाही. घाला."

त्यानं हातमोजे घातले. पेटी वाटली त्यापेक्षा हलकी होती. डोंगरउतारावर माती गोठली होती, यंत्रानं खड्डा खणून ठेवला होता. दोसिकनं मूठभर माती टाकली आणि मग प्रथमच तो मोठ्यानं रडला. सगळे मित्र त्याच्या भोवती गेले, कोणी पाठीवर हात ठेवला, कोणी खांदा धरला. ग्युहो पाच-सहा पावलांवर थांबला. आपला हात त्या पाठीवर ठेवायचा आपल्याला हक्क आहे की नाही, हे त्याला ठरवता येईना, आणि तेवढ्यात ती वेळ गेली.

माती झाल्यावर रीतीप्रमाणे दोसिकनं खांदेकऱ्यांना एकेक पेला दिला. इतरांना त्यानं एका हातानं ओतून दिला, "पी रे, थंडी आहे," म्हणत. ग्युहोसमोर मात्र त्यानं बाटली दोन्ही हातांनी धरली, परक्याला ओततात तशी. ग्युहोनंही पेला दोन्ही हातांनी घेतला आणि तोंड बाजूला वळवून प्याला, वडीलधाऱ्यांपुढे पितात तसा.

बस निघायची वेळ झाली. ग्युहो सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसला होता, बुटांना लागलेली लाल माती बघत. पुढे दारात उभा राहून दोसिक बायकोला विचारत होता, सगळे आले का, म्हाताऱ्या आत्या चढल्या का, कोणी खाली तर राहिलं नाही ना. ओक्रान एकेकाला बोटानं दाखवत होती.

"आणि ग्युहो?" दोसिकनं विचारलं. मागे वळून न बघता विचारलं. "तो बसला का?"

ग्युहोला 'बसलोय' म्हणायचं होतं.

"बसलेत," ओक्रान म्हणाली. दोसिकनं ड्रायव्हरला खूण केली आणि दार लागलं.